डिश-विक्रीची नोकरी सोडावी की धरून ठेवावी: कोकणातील फिरत्या विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक

एप्रिल २०२२ मध्ये राजापूर तालुक्यातील एका वाडीत मी रिचार्ज संपलेल्या ग्राहकांची यादी घेऊन गेलो होतो. यादीतल्या तिसऱ्या घराच्या खळ्यात आमचीच डिशची छत्री उताणी ठेवलेली होती आणि तिच्यात काजूच्या बिया वाळत घातल्या होत्या. घरच्या काकी म्हणाल्या, "वायफाय आल्यापासून ती वर नुसती गंजत होती. म्हटलं, खाली काढून कामाला तरी लावू." मी चहा घेतला आणि यादीत त्या घरापुढे 'तात्पुरते बंद' असा शेरा लिहिला. तो शेरा खोटा आहे हे मला तेव्हाच कळले होते, तरीही मी पुढे दीड वर्ष त्याच नोकरीत राहिलो. त्या दीड वर्षात ज्या चुका केल्या, त्या नव्याने या कामात आलेल्या किंवा बाहेर पडण्याचा विचार करणाऱ्या मुलांना टाळता याव्यात, म्हणून हे लिहीत आहे. मी डिश-टीव्हीच्या जोडण्या विकत होतो. केबल, सिमकार्ड किंवा रिचार्जच्या लाइनवर फिरणाऱ्यांनाही यातील बहुतेक पायऱ्या तशाच लागू पडतील.

सुरुवातीला एवढे जवळ घ्या: मागील ३ वर्षांच्या विक्रीच्या नोंदी, १२ महिन्यांची पगारपत्रके, बँकेचे पासबुक, पेट्रोलच्या पावत्या, नेमणूकपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचा (पीएफचा) यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा सदस्य क्रमांक. नेमणूकपत्र बहुतेकांकडे नसते. नसेल तर ते आजच मागून घ्या, कारण राजीनामा दिल्यावर ते कोणीही देत नाही.

१. महिन्याची तुलना महिन्याशी करू नका

आपल्याकडे जूनचा आकडा मेच्या आकड्यासमोर ठेवला, तर दरवर्षी धंदा बुडालेलाच दिसेल. पावसात छपरावर चढता येत नाही, वाड्यांचे रस्ते तुटतात, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असल्याने बंदरावरच्या गावांत पैसा फिरत नाही. म्हणून जूनची तुलना मागील वर्षीच्या जूनशीच करावी.

यातही एक खाच आहे. आपला मोठा हंगाम गणपतीचा, आणि गणपती इंग्रजी तारखेला बांधलेला नाही. २०२२ मध्ये गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती आणि २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला. चाकरमानी येण्याआधीच्या पंधरवड्यात बंद जोडण्या पुन्हा चालू होतात, ती सगळी विक्री एका वर्षी ऑगस्टच्या खात्यात पडते आणि दुसऱ्या वर्षी सप्टेंबरच्या. त्यामुळे आपले वर्ष गणपती ते गणपती धरावे आणि तीन वर्षांचे तीन आकडे काढावेत.

वहीत चार रकाने आखा: नव्या जोडण्या, पुन्हा चालू झालेल्या जोडण्या, बंद पडलेल्या जोडण्या आणि प्रत्यक्ष खात्यात जमा झालेला इन्सेन्टिव्ह, म्हणजे विक्रीवर पगाराखेरीज मिळणारी रक्कम. साहेबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिले दोनच रकाने फिरतात.

संकटातली विक्री वेगळी काढून ठेवा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीवरच्या छत्र्या मोडल्या, वाकवल्या, काही शेजारच्या परसात नेऊन टाकल्या, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत माझी विक्री एकदम चढली. ती विक्री मोडलेल्याच्या जागी नवीन बसवण्याची होती, नवे घर त्यात जवळजवळ एकही नव्हते. मी मात्र ते वर्ष 'सावरण्याचे' समजून बसलो.

२. आटते आहे ते नेमके काय, हे ओळखा

विक्री तीन कारणांनी घटते: मोसमामुळे, आपल्या डिस्ट्रिब्युटरच्या किंवा कंपनीच्या चुकीमुळे, आणि मूळ धंदाच आकसत असल्यामुळे. पहिल्या कारणासाठी थांबायचे असते, दुसऱ्यासाठी त्याच धंद्यातला मालक बदलायचा असतो आणि केवळ तिसऱ्यासाठी धंदा सोडायचा असतो. बहुतेक जण दुसऱ्या कारणाला तिसरे समजून घाईने बाहेर पडतात, किंवा माझ्यासारखे तिसऱ्याला पहिले समजून अडकून राहतात.

कंपनीचा दोष की धंद्याचा, हे पाहण्याची सोपी रीत म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीच्या मुलाशी एक चहा. त्याची विक्री वाढत असेल, तर दोष तुमच्या कंपनीचा. त्याचेही टार्गेट तीन महिने हुकत असेल, तर धंद्याकडे पाहावे लागेल.

धंदा पाहण्यासाठी छपरे मोजा. आपल्या बीटवरील, म्हणजे फिरतीच्या ठरलेल्या भागातील, तीन वाड्या निवडा: एक हमरस्त्यालगतची, एक बाजारपेठेजवळची आणि एक आतली, जिथे मोबाइलची रेंज कमी असते. प्रत्येक वाडीत किती छपरांवर छत्र्या आहेत आणि त्यांतल्या किती चालू आहेत, हे घरटी विचारून लिहा. माझ्या एका वाडीत २२ घरे होती, १७ छत्र्या होत्या आणि चालू होत्या ६. आतल्या वाडीत मात्र १४ पैकी ११ चालू होत्या. याचा अर्थ तिथे धंदा टिकला असा मी लावला होता, परंतु पुढच्याच वर्षी त्या वाडीच्या वळणावर फायबरची तार पोहोचली. आतली वाडी ही दोन वर्षे उशिरा चालणारी बाहेरची वाडीच असते.

देशाचे चित्रही डोळ्यांसमोर असावे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या आकडेवारीनुसार पैसे भरून डिश पाहणारे सक्रिय ग्राहक मार्च २०२१ मध्ये सुमारे ६ कोटी ९६ लाख होते, ते मार्च २०२५ पर्यंत सुमारे ५ कोटी ६९ लाखांवर आले. कारणे तुम्हाला रोज दारात ऐकू येतातच. १ फेब्रुवारी २०१९ पासून वाहिन्या निवडून घेण्याची नवी दरपद्धत आली आणि अनेकांचे बिल कमी होण्याऐवजी वाढले. दूरदर्शनची फ्री डिश एकदा बसवली की महिन्याला काही द्यावे लागत नाही. फायबरच्या जोडणीसोबत मालिका आणि सामने मोबाइलवर व स्मार्ट टीव्हीवर येऊ लागले, आणि २०२३ चे आयपीएल तर मोबाइलवर फुकट दाखवले गेले. आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे: डिशचे सिग्नल ज्या लहरींवर येतात त्या मुसळधार पावसात क्षीण होतात, आणि खाऱ्या वाऱ्याने छत्रीचे नट-बोल्ट दोन-तीन पावसाळ्यांत गंजून धरतात. फायबरची तारही झाड पडून तुटते, हे खरे. तरी ग्राहकाच्या लक्षात राहतो तो जुलैमधला निळा पडदाच.

फिरत्या विक्रेत्याला बसणारा फटका ग्राहकसंख्येच्या घटीहून मोठा असतो, कारण आपला इन्सेन्टिव्ह नव्या जोडणीवर मिळतो. उरलेला ग्राहक घरबसल्या यूपीआयने रिचार्ज करतो, त्यात दुकानदाराचे कमिशन जाते आणि कमिशन गेले की तो आपला बॉक्स काउंटरवर ठेवत नाही.

३. हातात उरते किती, ते काढा

पगारपत्रकावरचा आकडा हा आपला पगार नसतो. माझ्या शेवटच्या वर्षाचा हिशेब नमुना म्हणून देतो. पगार १६,५०० रुपये आणि वर्षभराची सरासरी काढून महिन्याचा इन्सेन्टिव्ह ३,०००, म्हणजे १९,५०० रुपये. रोजची फिरती ९० किलोमीटर, महिन्याचे २४ दिवस, म्हणजे २,१६० किलोमीटर. घाटात आणि खड्ड्यांत गाडी लिटरला ४५ च्या वर देत नसे, म्हणून ४८ लिटर पेट्रोल. १०५ रुपये दराने ५,०४० रुपये, आणि भत्ता मिळत असे ३,०००. खिशातून गेले २,०४०. टायर, ऑइल आणि चेन-सेट यांचा महिन्यावर विभागलेला खर्च ७००. दुपारचे बाहेरचे जेवण ८० रुपयांप्रमाणे १,९२०. हातात राहिले १४,८४० रुपये.

हा आकडा कागदावर येईपर्यंत खेड तालुक्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतील १५,५०० रुपयांची नोकरी मला 'चार हजारांनी कमी' वाटत होती. तिथे कंपनीची बस आणि कँटीन होते, म्हणजे ती प्रत्यक्षात माझ्या नोकरीपेक्षा जास्तच देत होती. मी ती घेतली नाही. ती चूक होती असे मी आजही म्हणणार नाही, पण नकार चुकीच्या हिशेबावर दिला होता.

मुंबईच्या पगारालाही हीच फुटपट्टी लावा. २५,००० रुपयांतून खोलीचा वाटा ७,०००, खानावळ ५,०००, लोकलचा पास आणि किरकोळ २,०००, गावच्या फेऱ्यांचे सरासरी १,५०० वजा केले की ९,५०० उरतात. घरचे भात, नारळ आणि स्वतःचे छप्पर यांची किंमत आपण कधीच मांडत नाही.

४. आपल्याला डिशखेरीज काय येते, ते लिहा

'मला विक्री येते' असे लिहू नका, त्याला कोणी विचारत नाही. मोजता येईल असे लिहा: किती दुकानदार नावाने ओळखतात, किती गावांत कोणत्या वाडीला कोणत्या रस्त्याने जायचे हे माहीत आहे, वर्षाला किती लाखांची वसुली केली आणि त्यात बुडीत किती निघाली, शिडीवरून उतरत्या छपरावर चढून काम करता येते का, वायरिंग आणि मीटर लावून सिग्नल पाहता येतो का. वसुलीची नोंद सर्वांत वजनदार असते. बँका, पतसंस्था आणि मोठे वितरक याच आकड्याकडे पाहतात.

५. कोकणातच राहायचे असेल, तर वाटा कोणत्या

त्याच दुकानदारांकडे दुसरा माल. बिस्किटे, साबण, मसाले, औषधे यांच्या वितरकांना तयार बीट असलेला माणूस लगेच हवा असतो. उत्पन्न साधारण तेवढेच राहते, पण माल रोज खपणारा असतो. लवकर मिळणारी नोकरी हीच, आणि वय चाळिशीकडे झुकले असेल तर मी आधी हीच पाहा असे सांगेन.

फायबर-जोडणी आणि सीसीटीव्ही. ज्याने आपला धंदा खाल्ला त्याच्याकडे जायला अनेकांना अवघड वाटते. तसे वाटू देऊ नका. घर तेच, ग्राहक तोच. मात्र स्थानिक फायबरवाले बऱ्याचदा पीएफ देत नाहीत, हे आधी विचारा.

छतावरील सौर वीज. मी इथे आलो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त क्षमतेला ७८,००० रुपये अनुदान मिळते, आणि छपरावर चढायची सवय, घराची दिशा पाहण्याची नजर, ग्राहकाचे कागद गोळा करण्याचा सराव या तिन्ही गोष्टी डिशमधून तशाच्या तशा उपयोगी पडतात. परंतु कौलारू छपरावर सांगाडा बसवणे हे छत्री ठोकण्याइतके सोपे नाही, माडाची सावली पॅनेलवर पडत असेल तर ग्राहकाला 'नको' म्हणण्याचे धैर्य लागते, आणि हा सगळा धंदा आज अनुदानावर चालतो. अनुदान बदलले तर इथेही छपरे मोजायची वेळ येईल. हे जाणून या.

औद्योगिक वसाहती. लोटे, रत्नागिरीतील मिरजोळे, सिंधुदुर्गातील कुडाळ. कंत्राटदाराच्या नावावर घेतात की कंपनीच्या, हा पहिला प्रश्न, आणि रसायनांच्या कारखान्यात पाळी कोणती व सुरक्षिततेची साधने कोण देतो, हा दुसरा. सावंतवाडी-दोडामार्गकडच्या मुलांना जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालेल्या गोव्यातील मोपा विमानतळाची वाटही जवळची आहे.

स्वतःचा व्यवसाय. काजूप्रक्रिया, दुरुस्तीचे दुकान, निवास-न्याहरी यांसाठी पीएमईजीपी या केंद्राच्या रोजगारनिर्मिती योजनेत जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज करतात. सेवा व्यवसायाला २० लाखांपर्यंतचा आणि उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला व राखीव गटांना ३५ टक्के अनुदान असते. ते अनुदान आपल्या हातात येत नाही, बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून अडकून राहते आणि मग कर्जात वळते होते. दलाल हे सांगत नाहीत. अर्ज भरण्यासाठी टक्केवारी मागणारा कोणीही भेटला, तर त्याला नमस्कार करून सरळ केंद्रात जा आणि योजना सध्या कोणत्या अटींवर चालू आहे तेही तिथेच विचारा.

६. नोकरीत असतानाच चाचपणी करा

साप्ताहिक सुट्टीचे चार दिवस नव्या कामाच्या माणसामागे फिरा. विनामोबदला फिरा, पण संध्याकाळपर्यंत फिरा. मी चार रविवार एका सौर-वाल्याची शिडी धरली, तेव्हा कळले की या कामात विक्री अर्ध्या तासाची आणि महावितरणच्या मीटरचा पाठपुरावा दोन महिन्यांचा असतो. कोणत्याही जाहिरातीत हे लिहिलेले नव्हते.

घरखर्चाचे ६ महिन्यांचे पैसे बाजूला पडेपर्यंत राजीनामा देऊ नका. गाडीचा हप्ता चालू असेल तर त्याचेही सहा हप्ते त्यात धरा. नोकरी लावून देतो म्हणून अनामत मागणाऱ्यांना पैसे देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

७. राजीनाम्याची वेळ

आषाढात निर्णय घेऊ नका. ओला रेनकोट, शून्य विक्री आणि साहेबांचा फोन या तिन्हींच्या मध्ये उभ्या माणसाला कोणतीही दुसरी नोकरी चांगली दिसते. आणि गणपतीच्या आठवड्यात निर्णय बदलूही नका. २०२२ मध्ये मी हेच केले, दहा दिवसांच्या रिचार्जवर भुललो. आता तर चाकरमानीही मोबाइलवरच पाहतात.

निर्णय उन्हाळ्यात घ्यावा, गणपतीचा इन्सेन्टिव्ह खात्यात जमा होऊ द्यावा आणि मग नोटीस द्यावी. नोटीस किती दिवसांची आहे हे नेमणूकपत्रात पाहा. राजीनामा ईमेलने द्या, कारण तोंडी राजीनाम्याला तारीख नसते.

थांबणेच योग्य असलेली माणसेही आहेत. निवृत्तीला तीन-चार वर्षे उरली असतील, ग्रॅच्युइटीला, म्हणजे सलग सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेला, काही महिने कमी पडत असतील, किंवा तुमचा मालक स्वतःच फायबर आणि सीसीटीव्हीकडे वळत असेल, तर शांतपणे बसा.

८. सोडताना घ्यायचे कागद

यात सर्वाधिक माणसे फसतात, म्हणून सावकाश वाचा.

उधारी. दुकानदारांकडील थकबाकी वितरकाच्या वहीत आपल्या नावावर असते. नोटिशीच्या काळात प्रत्येक दुकानात जाऊन आजची बाकी एका कागदावर लिहून घ्या, त्यावर दुकानाचा शिक्का आणि सही घ्या आणि त्याचा फोटो काढा. मी ६३ दुकानांपैकी ५८ ठिकाणी हे केले. राहिलेल्या ५ दुकानांची ११,२०० रुपयांची बाकी माझ्या शेवटच्या हिशेबातून कापली गेली, आणि त्यांपैकी दोन दुकानदारांनी पैसे आधीच भरले होते असे मला मागाहून कळले. पावती माझ्याकडे नव्हती.

कोरे धनादेश. रुजू होताना सही करून दिलेले धनादेश परत घ्या. हरवले म्हणाले, तर त्यांचे क्रमांक देऊन बँकेत पेमेंट थांबवा.

माल. बॉक्स, एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), रिमोट, सिग्नल मीटर, कंपनीचा टॅब यांची यादी करून परत केल्याची सही घ्या.

शेवटी हवे असलेले कागद: राजीनामा स्वीकारल्याचे पत्र, कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवपत्र, अखेरच्या तीन महिन्यांची पगारपत्रके, अंतिम हिशेबाचा कागद, येणे बाकी नसल्याचा दाखला, अनामत परत मिळाल्याची नोंद, आणि कर कापला गेला असेल तर त्याचा दाखला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकलेले वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावे लागते. 'अंतिम हिशेब पूर्ण मिळाला' या कागदावर पैसे खात्यात दिसल्याखेरीज सही करू नका.

९. पीएफ आणि ग्रॅच्युइटी

पीएफ काढू नका, नव्या खात्यात वळवा. सलग ५ वर्षे पूर्ण होण्याआधी काढल्यास रक्कम करपात्र ठरते आणि ती ५०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर कर कापूनच हातात येते. शिवाय निवृत्तिवेतनासाठी एकूण १० वर्षांची सेवा लागते, आणि खाते वळवले तर जुनी वर्षे त्यात मिळतात. सोडल्याची तारीख मालकाने भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती सदस्याला स्वतः पोर्टलवर भरता येते. आधारवरील आणि पीएफमधील नाव, जन्मतारीख जुळते का, हे आजच पाहा. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरे आडनाव सर्रास सापडते.

ग्रॅच्युइटी दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत ५ वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळते. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्यांना नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार एका वर्षानंतर. हिशेब असा: मूळ पगार ९,००० आणि सेवा ८ वर्षे असेल, तर ९,००० ला १५ ने गुणून २६ ने भागायचे आणि ८ ने गुणायचे, म्हणजे सुमारे ४१,५३८ रुपये. इथला सापळा म्हणजे दर दोन वर्षांनी माणसाला एका फर्मच्या नावावरून दुसऱ्या फर्मच्या नावावर नेणे. जागा तीच, साहेब तेच, पण कागदावर सेवा तुटलेली. पासबुकात पगार कोणाच्या नावाने जमा होतो, ते दरवर्षी एकदा तपासा.

१०. फोन नंबर

ज्या नंबरवर ग्राहक तुम्हाला ओळखतात तो कंपनीच्या नावावर असेल, तर नोटीस देण्याच्या कितीतरी आधी स्वतःच्या नावाचा नंबर दुकानदारांना देऊन ठेवा. ग्राहकांची यादी कंपनीची असते, ती उचलून नेऊ नका. तुम्हाला माणूस म्हणून ओळखणारे दुकानदार मात्र तुमचेच आहेत. मला अजून जोराच्या पावसात फोन येतात की छत्री हलली, चित्र जाते. मी त्यांना माझ्या जागी आलेल्या मुलाचा नंबर देतो, आणि पाऊस थांबल्यावर दहा मिनिटे बॉक्स बंद करून पाहा, असेही सांगतो, कारण निम्म्या वेळा तेवढ्यानेच चित्र परत येते.